काढणीआधीची मुदत

सातारा
९ सप्टेंबर २०२४

ती. रंगूमावशीस,
राजनंदिनीचा सा. न. वि. वि.

परवा तुझा शिवतेज आणि सूनबाई सृष्टी येऊन गेले. तू पाठवलेला बेदाणा पोचला. त्यातला निम्मा आमच्या प्रयोगशाळेतल्या बायांनीच फस्त केला, तेव्हा पुढच्या वेळी दोन पिशव्या पाठव. शिवतेज अजून माझ्याकडे मान वर करून बघत नाही. लहानपणी मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवणारा तो हाच का, असं वाटलं. द्राक्षाच्या ट्रकवर कलकत्त्यापर्यंत गेला आणि तिकडून काय घेऊन आला, ते आता उगाळून उपयोग नाही. तूही त्याला ऊठसूट बोलू नकोस.

हे सगळं पत्रानेच लिहायचं हे तुझं म्हणणं पटलं. तुमच्या घरचा फोन म्हणजे गावची चावडी. काका उचलतात आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असा आवाज मोठा करतात. आई गेल्यापासून तू मला पत्रं लिहितेस हे तुमच्या पोस्टमनलाही पाठ आहे, त्यामुळे कोणाला शंका यायची नाही. काकांना सृष्टीचं रक्त कमी आहे एवढंच माहीत आहे, तेवढंच राहू दे.

आता मुद्द्याचं. दोघांच्याही रक्तात एचआयव्ही आहे, यात आता शंका उरली नाही. दोघांनाही रोजची एक गोळी महिन्यापूर्वीच सुरू झाली आहे. सृष्टीचा चौथा महिना सरत आलाय. गोळी नेमाने पोटात गेली तर बाळ आजाराशिवाय जन्माला येईल, याची मी तुला जवळजवळ खात्री देते. फक्त गोळी चुकवायची नाही.

तू आमच्या उपचार केंद्राच्या ओट्यावर बसून मला विचारलं होतंस की किडा एवढा बारीक, तर अंगातल्या पांढऱ्या पेशी इतक्या कशा मरतात. तेव्हा गर्दीत नीट सांगता आलं नाही. तुला वाटतं की किडा एकेका पेशीत शिरतो आणि तिला खातो. तसं नाही. ज्यांच्यात विषाणू पुरतं घर करतो अशा पेशी थोड्याच. मरतात त्या बहुतेक शेजारच्या. विषाणू अर्धामुर्धा आत येऊन अडकला, तेवढी चाहूल लागली तरी पेशी स्वतःच स्वतःला संपवते. काही निमूट आटून जातात, काही फुटतात. फुटलेल्या पेशीतून जे बाहेर पडतं त्याने आजूबाजूला दाह होतो, आणि त्या दाहाच्या हाकेला ज्या नव्या धडधाकट पेशी धावून येतात त्यांचाही तिथेच शेवट होतो. सुतकाला आलेली माणसंच तिरडीवर जावीत, तसं.

गोळी विषाणूला मारत नाही, त्याची पिलावळ वाढू देत नाही. पिलावळ थांबली की पेशींचं मरण कमी होतं. अगदी थांबत मात्र नाही, आत थोडी धग राहतेच. आणि काही विषाणू झोपेचं सोंग घेऊन पेशीत दडून बसतात. गोळी बंद पडली की ते उठतात. म्हणून ही गोळी जन्मभराची.

सृष्टीला सांग, रिपोर्टमधला आकडा बघून घाबरू नये. पेशी मोजायचं यंत्र माझ्याच हाताखाली आहे, मी तिच्यावर डोळा ठेवून आहे.

काकांना नमस्कार. माझी आठवण विसरू नये, रागवायचं झालं तर पत्रातूनच रागवावं.

तुझी,
राजनंदिनी

*

हणमंतवाडी, ता. तासगाव
६ ऑक्टोबर २०२४

चि. राजनंदिनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तिरडीचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. मुलीच्या जातीने असं लिहू नये. शिरवळच्या कारखान्यात नोकरीला असलेलं एक स्थळ आलंय तुझ्यासाठी. असली पत्रं त्यांना लिहिशील तर ते शिरवळ सोडून पळतील.

पण गंमत सांगू का, मला ते बरोबर कळलं. बागेत डावणीचा रोग येतो तशीच गत आहे ही. डावणीचा डाग दिसतो एका पानावर, पण तोवर शेजारच्या दहा वेली आतून गेलेल्या असतात. औषधाने रोग मुळातून जात नाही, नुसता दबतो. बागायतदार जन्मभर फवारतो तो काय हौस म्हणून? तुझी गोळी म्हणजे आमची फवारणीच की. सृष्टीलाही मी तसंच समजावलं. पोरगी पहिल्यांदा हसली.

आमची गोडी छाटणी उरकली, आता घड धरतील. यंदा सगळा प्लॉट परदेशी पाठवायचा असं तुझ्या काकांनी मनावर घेतलंय. मागच्या साली आमच्याच वाडीतल्या एकाचा माल औषधाचा अंश सापडला म्हणून परत आला. तेव्हापासून ते फवारणीचं सगळं माझ्यावर टाकून बसलेत. म्हणतात, तुझ्या नजरेतून सुटायचं न्हाई.

सृष्टीला मी शेतात पाठवत नाही. शेजारणी विचारतात की सुनेला एवढी जपतेस ती का. मी सांगते, माझी सून आहे, जपेन नाहीतर पाटावर बसवून पुजेन, तुमचं काय जातं? तिचं ताट मी वेगळं करत नाही हे तुला सांगून ठेवते. तू तसं बजावलं होतंस, पण बजावण्याची गरज नव्हती. तिने काय पाप केलंय? पोराचा राग येतो, रात्रंदिवस येतो. पण मूल त्या दोघांचं आहे आणि माझं नातवंड आहे. ते धडधाकट यावं, राजू, बाकी मला या जन्मात काही नको.

लोभ आहेच, त्याला पाणी घालत राहावं.

तुझी,
रंगूमावशी

*

सातारा
१० नोव्हेंबर २०२४

ती. रंगूमावशीस,
सा. न. वि. वि.

दिवाळीचा फराळ पोचला. शिरवळच्या स्थळाला माझ्यातर्फे चकली दे आणि वाटेला लाव.

बातमी गोड आहे. सृष्टीच्या रक्तात विषाणू आता मोजण्याइतकासुद्धा सापडला नाही. मी रिपोर्ट दोनदा तपासला. पेशींचा आकडाही चढू लागलाय. हळूहळू चढतोय, कारण मी म्हटलं तशी आतली धग एकदम जात नाही, काही पेशी अजून मरतच असतात. पण पहिल्या दिवशी त्या यंत्रावर मी जे पाहिलं होतं ते आणि आत्ताचं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवतेजचंही चांगलं आहे.

तुझी डावणी मला इतकी आवडली की मी ती इथे येणाऱ्या बायांना सांगू लागले आहे. कालच खटावच्या एका बाईला सांगितली. तिच्या घरी बाग आहे, तिला झटकन कळलं. आमच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, हे तुला कोणी शिकवलं? मी म्हटलं, आमच्या मावशीने. तू आता पगार मागायला हरकत नाही.

तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या आहेत, म्हणजे पोटुशी पोरगी उगाच एसटीने हेलपाटे घालायला नको. मात्र जानेवारीच्या सुरुवातीला एकदा रक्त द्यायला आणच. बाळंतपणाआधीचा तो आकडा फार महत्त्वाचा असतो.

काकांना साष्टांग नमस्कार. तू मायेने लिहितेस ते आम्ही मायेने वाचतो, तेव्हा हात आखडू नये.

तुझी,
राजनंदिनी

*

हणमंतवाडी
२८ नोव्हेंबर २०२४

चि. राजनंदिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला आणि देवापुढे साखर ठेवली. रान स्वच्छ झालं म्हणायचं. शिवतेजला वाचून दाखवलं तर तो गोठ्यात जाऊन रडला. रडू दे.

मणी फुगायला लागलेत. व्यापारी बघून गेला, नमुना काढायला माणूस पाठवतो म्हणाला. घडाघडाला कागद बांधायचं काम चालू आहे. ढग आले की जीव थाऱ्यावर राहत नाही. पाऊस पडला तर फवारावं लागतं आणि फवारलं तर अंश राहतो, अशी इकडे आड तिकडे विहीर.

एक विचारायचं होतं. सृष्टी झोपली की मी तिच्या पोटावर हात ठेवते. आत बाळ उड्या मारतं. मग मनात येतं की ही पोरगी रोज एवढं जहाल औषध पोटात घालते. ते बाळाला पोचत असेल का गं? अजून त्याचं काळीज केवढं, यकृत केवढं. मोठ्या माणसाला पहिल्या आठवड्यात त्या गोळीने डोकं गरगरत होतं, मग त्याला काय होत असेल? तू शिकलेली आहेस, खरं ते लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

इथलं सगळं ठीक. तुझे काका गुडघ्याने कुरकुरतात. कुरकुरतात म्हणजे जिवंत आहेत असं समजावं. येणं-जाणं नाही तर निदान शाई तरी आटू देऊ नये.

तुझी,
रंगूमावशी

*

सातारा
९ डिसेंबर २०२४

ती. रंगूमावशीस,
सा. न. वि. वि.

प्रयोगशाळेत इतकं काम आहे की हे पत्र डबा खाताना लिहिते आहे, कागदाला तेल लागलं तर माफ कर.

तू खरं विचारलंस, खरं सांगते. होय, औषध नाळेतून बाळापर्यंत पोचतं. ते पोचतं हे चांगलंच आहे, बाळालाही त्याचा आसरा मिळतो. हजारो बाया या गोळ्या घेऊन बाळंत झाल्या आहेत, पोरं खेळताहेत. काळजी करू नकोस.

जानेवारीचं रक्त विसरू नकोस. त्या वेळी मी तुला एक गंमत दाखवणार आहे, यंत्राच्या पडद्यावर पेशी कशा ठिपक्यांसारख्या दिसतात ती. मरायला टेकलेल्या पेशीवर एक रंग चढतो, जिवंत पेशीवर चढत नाही. सृष्टीच्या ठिपक्यांत तो रंग आता फार थोडा दिसतो. तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ म्हणजे तुझी झोप परत येईल.

घाईत आहे, आशीर्वाद मात्र सावकाश आणि भरपूर पाठवावेत.

तुझी,
राजनंदिनी

*

हणमंतवाडी
१९ जानेवारी २०२५

चि. राजनंदिनीस,
अनेक आशीर्वाद. तिळगूळ सोबत घातलाय, गोड बोलावं.

तू फोनवर दोनदा विचारलंस की रक्त कधी देणार. तुझे काका समोरच बसले होते, म्हणून मी नुसतं सगळं झकास आहे म्हटलं आणि ठेवून दिला. खरं सांगायचं तर येणं जमलं नाही. काढणी तोंडावर आलीय आणि सृष्टीला नववा लागायला आला. तासगावचा रस्ता तर तुला ठाऊकच आहे, त्या रस्त्याने चांगली गायसुद्धा गाभ टाकेल.

आता आनंदाची गोष्ट. आमच्या मालाचा नमुना तपासून आला. औषधाचा एकही अंश सापडला नाही! व्यापारी म्हणाला, वहिनी, पंचक्रोशीत असा प्लॉट न्हाई. तुझे काका दिवसभर मिशीला पीळ देत हिंडत होते.

आणि दुसरा प्लॉटही मी तसाच सांभाळलाय. तुझं तेल लागलेलं पत्र आलं ना, औषध बाळापर्यंत पोचतं असं तू लिहिलंस, त्याच दिवशी मी सृष्टीच्या गोळ्या बंद केल्या. द्राक्षाला काढणीआधी ठरलेल्या मुदतीत औषधाचा थेंब लागू द्यायचा नसतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. नाहीतर ते विष खाणाऱ्याच्या पोटात जातं. परदेशातल्या अनोळखी माणसाच्या पोटाची आम्ही एवढी काळजी करतो, मग माझ्या नातवंडाची नको? आधी रान स्वच्छ आहे की नाही ते बघितलं, तुझाच रिपोर्ट होता. किडा सापडला नाही असं तू दोनदा तपासून लिहिलंस. मग म्हटलं, आता थांबवायला हरकत नाही. बाळंत झाली की दुसऱ्या दिवसापासून परत चालू.

तू रागावशील, मला माहीत आहे. पण राजू, औषधाच्या दुकानदाराला विचारलं तर तो कधी फवारणी बंद कर म्हणतो का? तू आमची पोर, पण ज्या दुकानात बसतेस त्याच दुकानाचं बोलणार. सृष्टीने थोडी कुरबूर केली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की माझ्यावर विश्वास ठेव. तिची तब्येत छान आहे, तोंडावर तेज आलंय. बाळाची हालचाल तर विचारू नकोस.

पुढच्या पत्री नातवंडाची बातमी लिहीन. तोवर जीव लावला आहे तो तसाच लावून ठेवावा.

तुझी,
रंगूमावशी

*

हणमंतवाडी
२० फेब्रुवारी २०२५

ती. राजनंदिनीताईंस,
सृष्टीचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी शिवतेजच्या हाती तासगावच्या पेटीत टाकायला देते आहे. बाकी घरात कोणाला माहीत नाही.

तुम्ही २८ जानेवारीला आलात तेव्हा आपल्याला बोलायला मिळालं नाही. तारखेच्या आधीच कळा सुरू झाल्या, आदल्या रात्री मी बाळंत झाले आणि सकाळी तुम्ही दवाखान्याच्या दारात उभ्या. घरच्यांना वाटलं, बाळ बघायला धावत आल्या. आईंचं १९ तारखेचं पत्र सव्वीस जानेवारीच्या सुट्टीत अडकून तुमच्या हाती फार उशिरा पडलं, हे मला नंतर शिवतेजने सांगितलं. तुम्ही बाळाचं पातळ औषध बरोबर आणलं होतं. माझं रक्त काढताना तुम्हाला शीर सापडत नव्हती. आई म्हणाल्या, आवं पोरीचं हात गारठल्यात, चहा द्या कुणीतरी. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत, त्यांच्या मांडीवर बाळ होतं. गोळी आजपासून परत सुरू करायची आणि आता कधीच थांबवायची नाही, एवढंच सांगितलंत. आईंनी मान डोलावली. त्यांना ते त्यांच्याच हिशेबातलं वाटलं.

माझ्या रक्तात विषाणू परत आला होता ना? तुम्ही शिवतेजला दवाखान्याच्या फोनवर सांगितलंत, पण मला तो नीट सांगत नाही. त्याच्या तोंडाकडे बघून कळतं. आता बाळाची तपासणी व्हायची आहे. मी रोज तिला न्हाऊ घालताना तिच्या अंगावर काही दिसतं का ते शोधते. काहीच दिसत नाही. बारशाला शिवांजली नाव ठेवलं. नाव आईंनीच सुचवलं.

ताई, गोळी मी लपवून घेऊ शकले असते. बाटली कुठे आहे ते मला माहीत होतं. पण मलाही मनातून वाटलं की बाळाच्या अंगात औषध नको. आणि खरं सांगू, आईंचा शब्द मोडवला नाही. माझा रिपोर्ट आला त्या दिवशी माझ्या माहेरच्यांनी मला दारातून आत घेतलं नाही. आईंनी त्या संध्याकाळी माझ्याच ताटात हात घालून भाकरी खाल्ली. पोटभर जेवल्या. त्या बाईला मी नाही कसं म्हणणार होते?

म्हणून एक मागणं आहे. तपासणी काहीही येवो, त्यांच्यामुळे झालं असं त्यांना कधीच कळू देऊ नका. त्या हल्ली बाळाला मांडीवरून खाली ठेवत नाहीत. परवा एकदम मला विचारलं की काढणीआधी थांबवलेलं बरोबरच झालं ना. मी होय म्हटलं. त्यांना कळलं तर त्या जगायच्या नाहीत. आमच्या मळ्यातली विहीर दारापासून चार पावलांवर आहे, तुम्हाला माहीत आहे.

माझं काय व्हायचं ते होवो. लहान वहिनीवर माया असू द्यावी.

आपली,
सृष्टी

*

सातारा
२३ मार्च २०२५

ती. रंगूमावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र एकटी असताना वाच. काका शेतात गेले की वाच.

शिवांजलीच्या तपासणीचा निकाल आला. तिच्या रक्तात विषाणू आहे. पहिल्यांदा आला तेव्हा मी विश्वास ठेवला नाही, दुसरा नमुना पाठवला. तोही तसाच आला. तिची औषधं या आठवड्यातच सुरू करतो आहोत. शिवतेजला सगळं समजावून दिलं आहे. लहान बाळांच्या पेशी भराभर मरतात, मोठ्यांहून जास्त भराभर, म्हणून एक दिवसही घालवायचा नाही. वेळेत औषध मिळालं तर हे मरण दाबता येतं आणि मूल वाढतं, शाळेत जातं, लग्नसुद्धा करतं. अशी मुलं आमच्याकडे येतात, मी त्यांची रक्तं काढते आणि ती माझ्याशी भांडतात. शिवांजलीही भांडेल.

मावशी, तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे, म्हणून आधीच लिहिते. गोळ्या नेमाने घेऊनसुद्धा शंभरात एखाद्या बाळाला हे होतं. ते एखादं आपल्या वाट्याला आलं. यात कोणाचा दोष नाही, तुझा तर नाहीच. तू सृष्टीला जसं जपलंस तसं कोणी जपलं नसतं. हे मी तुला प्रयोगशाळेतली राजनंदिनी म्हणून सांगते आहे, बहिणीची मुलगी म्हणून नाही. दुकानाचं बोलते असं समजू नकोस.

सृष्टीची गोळी आणि बाळाचं औषध, दोन्ही आता कायम चालू राहिली पाहिजेत. कोणी काहीही म्हणो, कोणताही महिना असो.

मी पुढच्या महिन्यात येते. तोवर रोज पोटभर जेव. आमच्यावर रुसू नये, आणि स्वतःवर तर मुळीच रुसू नये.

तुझी,
राजनंदिनी

*

हणमंतवाडी
१३ एप्रिल २०२५

चि. राजनंदिनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि पाटाच्या कडेला जाऊन बसले.  तुझे काका शोधत आले. ऊन लागलं म्हणून सांगितलं.

पोरी, तुला आता सांगते. बाळ झाल्यापासून मी झोपले नव्हते. तू दवाखान्यात माझ्याकडे जसं बघितलंस, ती नजर डोळ्यांपुढून जात नव्हती. मनात एकच घोळत होतं की आपण बंद केलं, म्हणून तर नाही? कोणाला विचारायची सोय नव्हती. सृष्टीला विचारलं तर ती होय आई, बरोबरच केलंत म्हणाली, पण तिचं काय, ती मला दुखवणार नाही. देवाला विचारून झालं. शेवटी मी ठरवलं होतं की तुझा निकाल येऊ दे, आणि त्यात माझं नाव असेल तर पुढचं बघून घ्यायचं. ते काय ते तुला सांगत नाही.

पण तू लिहिलंस की गोळी घेऊनसुद्धा होतं. प्रयोगशाळेतली म्हणून लिहिलंस. ते वाक्य मी इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटायला आला. छातीवरचा धोंडा उतरला गं. होणार होतं ते झालं. निदान माझं नातवंड पोटात असताना औषध पीत राहिलं नाही, एवढं तरी माझ्या हातून घडलं. आता तिचं औषध मी स्वतः पाजते. पोर तोंड वाकडं करते, मग माझं बोट धरते. वजन वाढतंय. तुझे काका तिला खांद्यावर घेऊन बागेत हिंडतात. त्यांना काहीच माहीत नाही, आणि ते सगळ्यांत सुखी आहेत.

काढणीनंतरच्या खरड छाटणीला यंदा जत भागातली मजुरांची टोळी आली होती. त्यांच्यात बनुबाई म्हणून म्हातारी आहे, कानडी-मराठी मिसळून बोलते. एक दिवस तिची सून वेलीखाली बसून रडताना दिसली. मी जवळ गेले तर पोरगी पदराआड बाटली लपवायला लागली. बाटली मी लगेच ओळखली. आपल्या सृष्टीची आहे तशीच, तीच गोळी. नवऱ्याकडून आलंय. टोळीत कोणाला कळू दिलेलं नाही, सासूला तेवढं माहीत. पोटात आठवा महिना. मला म्हणाली, आक्का, लय भ्या वाटतंय, बाळाला काय हुईल?

माझा जीव तुटला. मी त्या दोघींना घरात घेऊन जेवू घातलं. सृष्टी तेव्हा बाळाला घेऊन माहेरच्या ओळखीच्या एका बाईकडे गेली होती. नाहीतर तीच बोलली असती, तिला माझ्याहून चांगलं सांगता येतं. मी माझ्या अकलेप्रमाणे समजावलं. तू जे जे शिकवलंस ते सगळं सांगितलं, शेजारच्या पेशी कशा मरतात तेही सांगितलं. म्हटलं, आमच्या घरातच शिकलेली पोर आहे, तिने लिहून दिलंय की गोळी घेतली काय आणि न घेतली काय, व्हायचं असेल तर होतं, आईचा दोष नसतो. मग उगाच शेवटच्या दिवसांत बाळाच्या अंगात जहाल औषध कशाला घालायचं? बाळंत होईपर्यंत थांबव, मग जन्मभर घे. बनुबाईलाही पटलं. तीही दुसऱ्यांच्या बागांत जन्म घालवलेली बाई, काढणीआधी औषध बंद करतात हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. पोरगी माझ्या पाया पडली. किती दिवसांनी मला वाटलं की माझ्या भोगाचा कोणाला तरी उपयोग झाला.

टोळी काल गेली. पुढचं काम कुठे आहे ते त्यांनाही ठाऊक नसतं, मुकादम नेईल तिकडे. सीमेपलीकडे विजापूरच्या अंगाला जातील असं ऐकलं. फोन मुकादमाकडे एकच, तो लागत नाही. पण काळजी नाही, सगळं नीट सांगून पाठवलंय.

तिची ती बाटली मी माझ्याकडे ठेवून घेतली आहे, जवळजवळ भरलेलीच आहे. घरात असली की घ्यावीशी वाटते, म्हणून. तू या महिन्यात येशील तेव्हा घेऊन जा, तुमच्याकडे कोणा गरजूला देता येईल.

येताना शिवांजलीला एक टोपी आण, ऊन फार आहे. आमच्या मायेत खंड नाही, तुमच्या येण्यात पडू नये.

तुझी,
रंगूमावशी